वस्ताद, आयोजक, परीक्षक आणि मामा यांस

सन्माननीय वस्ताद,


तिथीच्या शिवजयंतीला लोधिवलीत आपण शिवकालीन मर्दानी खेळांची स्पर्धा भरवलीत, त्याबद्दल जाहीर आभार मानायला हे पत्र. दांडफाट्यापासून चौकपर्यंत बॅनर, वडापाव गरम, मांडवात पंखे. आणि निकालाची तत्परता तर काय सांगावी! पहिल्या क्रमांकाच्या प्रमाणपत्रावर आखाड्याचं नाव छापूनच आलं होतं. दुसरा-तिसरा तेवढा बॉलपेनने लिहायला राहिला. स्पर्धा व्हायच्या आधी निकाल तयार ठेवणारं नियोजन सरकारलासुद्धा जमत नाही.

जिंकलेला आखाडा आपलाच, त्याचा कप्तान आपला सख्खा भाचा, आणि मुख्य परीक्षकाच्या खुर्चीत आपण. काही कोत्या मनाच्या लोकांना हे खटकलं. मी त्यांना समजावलं की बाबांनो, पोराला कोणता डाव येतो हे मामाला जितकं ठाऊक, तितकं परक्याला कसं असणार?

लिंबाचंच घ्या. भाच्याने डोळ्यांवर पट्टी बांधून, आडव्या झालेल्या पोराच्या पोटावरचं लिंबू दांडपट्ट्याने कापलं. मांडव दणाणला, आपण उभे राहून टाळ्या वाजवल्यात. एक फोड माझ्या पायाशी उडून आली. निम्म्यापर्यंत काप सरळ, गुळगुळीत, आणि कडेला सुकलेलासुद्धा. पुढचा निम्मा ओला आणि फाटलेला. म्हणजे पट्ट्याच्या एका वारात सकाळची आणि दुपारची अशा दोन धारा होत्या. एवढं कसब शिवकाळातही कुणाकडे नसावं.

आमच्या पोरी फरीगदक्यात उतरल्या होत्या. तिथे लिंबू नाही, आग नाही. समोरचा वार फरीवर घ्यायचा, हूल द्यायची आणि अंगाला गदका लावायचा. लागलेला वार मोजता येतो, ही या प्रकाराची मोठी खोड. आपण मोजलाच नाहीत. आपण ‘एकूण प्रभाव’ या रकान्यात दहापैकी चार दिलेत. हा रकाना नियमपत्रिकेत नव्हता, पोरींना तो निकालानंतर कळला. स्पर्धकाला आधी सांगितलं तर तो त्याची तयारी करून येईल, ही आपली भीती रास्तच आहे.

प्रसंग-सादरीकरणात तर आपण इतिहासालाच धडा दिलात. पोरींनी आपल्याच खालापूर तालुक्यातली उंबरखिंड घेतली होती. फेब्रुवारी १६६१. मोगल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून त्या चिंचोळ्या वाटेत शिरली, तेव्हा दोन्ही अंगांच्या रानात मावळे चिडीचूप बसले होते. पुढची वाट बंद झाली, मागचीही, मग वर्षाव सुरू झाला आणि शेवटी त्याच्याच फौजेतल्या रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला. म्हणून पोरी आधी दोन मिनिटं हलल्याच नाहीत. त्या शांततेतच सगळी लढाई होती. आपला शेरा आला : ‘अ‍ॅक्शन कमी.’ पहिला नंबर गेला बाहुबलीछाप चिलखत, डीजे आणि धुराच्या मशीनला. खानाला आधी डीजे ऐकू आला असता, तर तो खिंडीत उतरलाच नसता. पण ते असो.

सातासमुद्रापार लोक हे कसं करतात पाहा. अमेरिकेत १९६६ पासून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम नावाची मंडळी मध्ययुगीन युरोपचं सोंग घेऊन वेताच्या तलवारींनी लढतात. तिथे वार जोरात लागला की नाही, हे ज्याला लागला तोच कबूल करतो. कारागिरीच्या स्पर्धेत वस्तूबरोबर आधाराचे कागद मागतात : हे तेव्हा असंच होतं कशावरून, ते लिहून द्या. तिथला राजासुद्धा लढाईची स्पर्धा जिंकून ठरतो आणि काही महिन्यांनी पायउतार होतो. आपल्या मंडळात ही प्रथा आली तर अध्यक्षपदाचं काय होईल, या कल्पनेनेच मला घाम फुटला.

तरी धाडस करून लिहितो. गदक्याच्या टोकाला कोरडी नीळ लावली, तर वार लागला की नाही ते पांढऱ्या सदऱ्यावरच दिसेल. खर्च दहा-वीस रुपये. परीक्षक पाच बसवावेत, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण गाळावेत. मग एखाद्याचं भाचेप्रेम उतू गेलं तरी ते गाळात जाईल. ज्याचा आखाडा उतरेल त्याने तेवढा वेळ खुर्चीवरून उठून वडापाव खावा. उतरायचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरावा. प्रात्यक्षिकाला एक बक्षीस, लढतीला वेगळं. आग फिरवणाऱ्याची आणि वार अडवणाऱ्याची तुलना करायचीच कशाला? लिंबू मात्र प्रेक्षकांतून मागवावं. बाजारात मिळतं.

आणि गुणपत्रक फळ्यावर लावावं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून जे झालं ते आपण पाहिलंच असेल. पंचाला लाथ बसली, मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुणीच करू नये. पण तिथे निदान वाद घालायला एक पाठ आणि एक गादी होती. आपल्या ‘एकूण प्रभावा’ची पाठ कुठे टेकली ते आम्ही कुणाला दाखवायचं?

पोरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार आहेत, मी नको म्हटलं तरी. त्यांनी नीळ आणून ठेवली आहे आणि नियमपत्रिका स्पर्धेआधी आठ दिवस हातात मिळावी असा लेखी अर्ज मंडळाकडे दिला आहे. अर्जावर पोचही घेतली आहे, कारण वस्ताद, पोरी आपल्याकडूनच शिकल्या : कागद आधी तयार पाहिजे.

आपला नम्र,
एक पालक

ता. क. : प्रवेश फीचे पाचशे रुपये भरले, त्याची पावती अजून मिळालेली नाही. ती छापून तयार नसेल, तर बॉलपेनने लिहिलेली चालेल.