म्हातारीचा तिसरा सिलिंडर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

गाडीचं काय झालं, हे बाबा दर रविवारी फोनवर विचारतात आणि तुमचे चिरंजीव "झाली बरी" म्हणून विषय मुलांच्या शाळेवर नेतात. तेव्हा खरी हकीकत मीच कळवते. पत्र मुख्यतः बाबांसाठी आहे. आईंनी बिलाचा आकडा येईल तिथे डोळे मिटून घ्यावेत.

आपली व्हॅन २००६ ची. मीटरवर १,८०,००० मैल, म्हणजे तीन लाख किलोमीटरला थोडे कमी. घरात तिला म्हातारी म्हणतात. पण मंडळाचे ढोल, गणपतीचं मखर, ओक ट्री रोडवरची तांदळाची पोती आणि कोणाकोणाच्या विमानतळावर उतरलेल्या सासूबाई, सगळं तिनेच वाहिलंय.

उन्हाळा संपता संपता ती सिग्नलला थांबली की थरथरायला लागली. गिअर डी मध्ये, ब्रेकवर पाय, एसी चालू, आणि आरशात मागच्या गाडीचा ड्रायव्हर दोन-दोन दिसायचा. न्यूट्रल केलं, एसी बंद केला की जरा शांत. पळताना तक्रार नाही. तुमचे चिरंजीव म्हणाले, इथला रस्ता खराब आहे. थांबलेल्या गाडीला रस्ता कसा लागतो, हे मी विचारलं नाही. संसार करायचा असतो.

पाठोपाठ डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. इथे १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत एक कॉम्प्युटर इंजिनावर पहारा करत असतो. धूर बिघडेल असं काही दिसलं की तो हा दिवा लावतो. स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी, १६ पिनांची एक खाच असते. तिच्यात यंत्र खुपसलं की आजाराचा कोड मिळतो. चिरंजीवांनी लगेच तसलं यंत्र मागवलं. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. बाबांच्या भाषेत, गाडी मिसिंग मारतेय.

का मारतेय, ते यंत्र सांगत नाही. प्लग गेला असेल, कॉइल, इंजेक्टर, नाहीतर व्हॉल्व्ह. पण त्या यंत्रावर कोड पुसून टाकायचंही बटण होतं. ते दाबलं, दिवा गेला, आणि रिपेअरी फत्ते झाली म्हणून त्या संध्याकाळी घरात पिझ्झा आला.

तेवढ्यात इन्स्पेक्शनची तारीख आली. इथे दर दोन वर्षांनी सरकारी केंद्रावर गाडी दाखवावी लागते, फुकट असतं. २०१० पासून त्यांनी खासगी गाड्यांचे ब्रेक आणि बाकीचे सुटे भाग तपासणं सोडून दिलंय. गाडी थांबते का, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही, ती हवा किती बिघडवते तेवढंच सांगा! तिथल्या माणसाने त्याच खाचेत वायर लावली आणि कॉम्प्युटरने चहाडी केली: माझी स्मृती नुकतीच पुसली आहे, माझ्या स्वतःच्या चाचण्या अजून झालेल्या नाहीत. नापास. काचेवर लाल स्टिकर. त्या रात्री बाबांनी फोनवर "थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरतो का रे?" असं विचारलं, तेव्हा फोन स्पीकरवर होता, हे बाबांना ठाऊक नसावं. मुलं अजून ते वाक्य वापरतात.

पुढच्या शनिवारी ब्रिजवॉटरच्या बालाजीला निघालो. गाडी भरलेली, हायवेवर जरासा चढ, आणि पुन्हा लागलेला तो दिवा चक्क लुकलुकायला लागला. नुसता लागलेला दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लुकलुकला की अॅक्सिलरेटर सोडा आणि बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. इथे चोर गाडीखाली शिरून तेवढाच भाग कापून नेतात, यावरून किंमत ओळखा. आम्ही कडेला थांबलो तेव्हा कुजका वास सुटला होता आणि धाकटा मागून विचारत होता, "देवळात जाताना अंडी कोणी आणली?"

त्यानंतर जो तो डॉक्टर झाला. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. तो म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी. मंडळाचे खजिनदार म्हणाले, विका. विकून काय घ्यायचं? नवी मिनीव्हॅन ४०,००० डॉलरच्या आसपास जाते.

पहिलं गॅरेज फार देखणं निघालं. कॉफी, मऊ सोफा, भिंतीवर टीव्ही. तपासणीचे १५० डॉलर घेऊन त्यांनी यादी हातात दिली: सहा कॉइल, सहा प्लग, सहा इंजेक्टर आणि कन्व्हर्टर. एकूण ३,८०० डॉलर. गाडी विकली तर एवढे येणार नाहीत. बॉनेट उघडलेलं मात्र मला कुठे दिसलं नाही.

मग बाबांचा फोन. "थांबल्यावर थरथरते की पळताना? धूर कसला? निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा आणि वास गोडसर असेल तर कूलंट आत जातंय. धूर नसेल तर आधी करंट बघा. एकेक वायर काढायची. जी काढल्याने इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला."

तुमच्या ओम्नीत हे सोपं होतं, बाबा. सीट उचलली की इंजिन समोर, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, तीन प्लग. इथे सहा सिलिंडर आडवे बसवलेत. तीन पुढे, हात लावा आणि काढा. तीन मागे, काचेखालच्या पत्र्याला टेकून, आणि वरून हवा आत नेणारं अॅल्युमिनियमचं मोठं धूड. तिसरा सिलिंडर कुठे असणार? मागेच.

शेवटी थोरलीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी नेवार्कच्या आयर्नबाउंड भागातला एक पोर्तुगीज म्हातारा सुचवला. कॉफी नाही, सोफा नाही, रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री. त्याने कोड विचारलाच नाही. पहिला प्रश्न: "थांबल्यावर की पळताना?" मी चिरंजीवांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

गाडी चालू ठेवून त्याने पुढच्या एका कॉइलचा सॉकेट काढला. इंजिन कण्हायला लागलं. लावला, पुन्हा पहिल्यासारखं. दुसरा, तसंच. मग कोपरापर्यंत हात इंजिनामागे घालून, डोळे मिटून, त्याने तिसऱ्याचा सॉकेट काढला. इंजिनाला पत्ताच नाही. बाबा, वायरींच्या जागी कॉइल आल्या, बाकी युक्ती तुमचीच.

वरचं धूड काढल्यावर त्याने मला बोलावून दाखवलं. प्लग ज्या खोल भोकात बसतो, त्यात ऑइल साचलं होतं. व्हॉल्व्ह कव्हरचं रबरी सील वयाने कडक होऊन चिरलेलं. त्या ऑइलने कॉइलचा रबरी बूट फुगून मऊ पडला होता. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ. ठिणगी खाली पेट्रोलपाशी जायची सोडून या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. नुसता प्लग बदलला असता तर सील गळतच राहिलं असतं आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. इंजेक्टर ठणठणीत. कन्व्हर्टरही वाचला.

एवढं उघडलंच आहे तर मागच्या तिन्ही कॉइल, सहाही प्लग आणि सील बदलून घ्या, असं तो म्हणाला. इथे वस्तू स्वस्त, तिच्यापर्यंत पोचणं महाग. बिल ८७० डॉलर, त्यात निम्म्याहून जास्त मजुरी. (आई, डोळे उघडा.)

आता कॉम्प्युटरच्या चाचण्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून गाडी गार असताना स्टार्ट करून थोडी हायवेवर, थोडी गावातून फिरवायची होती. चिरंजीव रोज पहाटे हौसेने जायचे आणि येताना बेगल घेऊन यायचे. म्हातारी पास झाली. बेगल अजून चालू आहेत.

एक गोष्ट बाबांनाच सांगते. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की उजव्या बाजूने टिकटिक येते, मिनिटाभराने थांबते. ऑइल पातळीवर आहे, मी काडी काढून पाहिली. दिवा लागलेला नाही, म्हणून घरात अजून कोणाला पत्ता नाही. रविवारी हे बेगल आणायला पायी गेले की फोन इंजिनापाशी धरून तुम्हाला ऐकवते. त्या वेळी तुमच्याकडे संध्याकाळ असेल, टीव्ही बंद ठेवा.

मुलांचा दोघांना नमस्कार.

तुमची सून