छपराचं वय

अमेरिकेत घर विकायला काढलं की छपराला दोन वयं येतात. जाहिरातीत ते ठणठणीत असतं; तपासनीस शिडीवरून खाली उतरला की तेच शेवटच्या घटका मोजू लागतं. डांबरी शिंगल्स साधारण वीसेक वर्षं टिकतात, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक. तरी घेणारा असा चेहरा पाडतो, जणू विकणाऱ्याने ती मुद्दाम म्हातारी केली.

मग कोटेशनं निघतात. घेणाऱ्याच्या रूफरला अख्खं छप्पर उतरवायचं असतं, विकणाऱ्याच्या रूफरचं चार शिंगल्समध्ये भागतं. २०२१च्या घरखरेदीच्या झुंबडीत मात्र कित्येक जण तपासणीचा हक्क सोडून, वर मागितल्याहून जास्त मोजत होते. तेव्हा छपरांना वय नव्हतं. (त्यात आपलीही मंडळी होती, कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारी.)

फ्लोरिडात तर जुन्या छपराला विमा मिळताना मारामार, आणि विम्याशिवाय बँक कर्जाचं नाव काढू देत नाही. तिथे विकणाऱ्याची ऐट लवकर उतरते. पुष्कळदा तोडगा असा निघतो: किंमत कागदावर तीच ठेवायची आणि व्यवहार पुरा होताना विकणाऱ्याने घेणाऱ्याला क्रेडिट द्यायचं. एजंटचं कमिशन कागदावरच्या किमतीवर निघतं.