नशिबातला हत्ती

ग्वालियरच्या मुरारमध्ये मराठी घरात मुलगी झाली आणि तिने जरा दणकून भोकाड पसरलं, की बाळ बघायला आलेली एखादी काकू म्हणणारच, "झाशीची राणी आली गं बाई!" काकूंचाही इलाज नसतो. राणी आमच्या अंगणातच लढली. 16 जून 1858 ला इंग्रज सेनापती ह्यू रोजने मुरारची छावणी घेतली, दुसऱ्या दिवशी कोट्याच्या सराईपाशी तिची शेवटची लढाई झाली. फुलबागेजवळ तिची समाधी आहे, पुतळा आहे, दर जूनमध्ये तिथे मेळा भरतो. तिच्या नावाचं कॉलेज आहे, रेसकोर्स रोडला 1957 सालची शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्थाही तिच्याच नावाची. आमच्या आजोबांच्या पिढीला हे नाव घेण्याआधी जरा घसा खाकरावा लागे, कारण त्या जूनमध्ये ग्वालियरचे महाराज जयाजीराव शिंदे कुठल्या बाजूला होते हे शहराला पाठ होतं. आता तसा संकोच उरलेला नाही. आता प्रत्येक मराठी घरातली मुलगी पहिलीत असताना एकदा तरी नऊवारी, पुठ्ठ्याची तलवार आणि पाठीला बांधलेली बाहुली अशा थाटात शाळेच्या स्टेजवर जातेच. आमचीही गेली. तिसऱ्या ओळीला रडली, पण गेली.

मला मात्र अलीकडे राणीपेक्षा तिच्या वडिलांविषयी जास्त कुतूहल वाटू लागलं आहे. मोरोपंत तांबे. बायको गेलेली, लेक लहान, नोकरी बिठूरला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी, आणि लेक कशी, तर मुलांबरोबर घोडे फेकणारी. त्यांचा पुतळा मी कुठे पाहिलेला नाही. मुलीच्या बारा ते सोळा या वयात घरात जो पुरुष टिकून राहतो, त्याचा पुतळा खरं तर चौराह्यावर हवा. घोडा नको, हातात नुसती बंद दारासमोर धरलेली दुधाची कपबशी पुरे.

कारण सुरुवात दारापासून होते. आमच्या घराच्या आतल्या खोलीला कडी आहे, हे मला कन्या अकरा वर्षांची होईपर्यंत माहीतच नव्हतं. (तिचं नाव छापायला मनाई आहे. लाडाचं नाव तर उच्चारायलाही.) एके दिवशी ती कडी वाजली आणि त्यानंतर "काय चाललंय आत?" या माझ्या प्रश्नाला "कुछ नहीं" हे कायमस्वरूपी उत्तर मिळालं. आमच्याकडे रागाचा कारभार हिंदीत चालतो. लाड, भूक आणि पैसे मराठीत. "बाबा, ऐका ना" असं ऐकू आलं की मी आधी खिसा चाचपतो. "आप रहने दो" ऐकू आलं की पेपर उघडून तोंडासमोर धरतो.

मी झाँसी रोडवरच्या एजी ऑफिसात आहे. अख्ख्या मध्य प्रदेशातली खाती आम्ही तपासतो. कुठल्या तालुक्यात किती पोती सिमेंट कागदावर गेलं आणि किती पुलात, हे मी टेबलावर बसून सांगू शकतो. पण स्वतःच्या घरातल्या बाथरूममध्ये रोज सकाळी पाऊण तास नेमकं काय होतं, याचा खुलासा मागवूनही मिळालेला नाही. उन्हाळ्यात तिघरा धरण आटलं की आम्हाला पाणी एक दिवसाआड. अशा दिवसांत मी दाराबाहेर उभा राहून पाण्याचं महत्त्व सांगत होतो, तर आजी, म्हणजे माझी आई, देवघरातून म्हणाली, "विष्णुभटजी गोडसे वाच."

आजीचं माहेर ग्वालियरच्या लष्कर भागातलं, जनकगंजातलं. तिच्याकडे 'माझा प्रवास'ची जुनी प्रत आहे. वरसईचे हे भटजी 1857 च्या धामधुमीत नेमके याच मुलखात फिरत होते आणि झाशीत राणीच्या पदरी राहिले होते. राणी तालीम करी, घोडा फिरवी, हे त्यांनी लिहिलं आहेच. पण तिला स्नानाचा भारी शौक होता, सुगंधी ऊन पाण्याची घंगाळीच्या घंगाळी लागत, हेही लिहिलं आहे. आजीने तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आतून नळ आणखी मोठा झाला.

झोपेचं प्रकरण तर माझ्या हातून केव्हाच गेलं. "पहाटे उठावं, अभ्यास ध्यानात राहतो" या माझ्या वाक्याला कन्येने लेखी उत्तर दिलं. या वयात मेंदूत मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरतं, त्यामुळे झोप उशिरा येते आणि सकाळी उठवत नाही; म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं आहे की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. हा कागद तिने फ्रिजवर चिकटवला. मी तो ऑफिसच्या सवयीने दोनदा वाचला, आक्षेप काढता येईना. शेवटी "हे अमेरिकेत" असा शेरा मारला. मग जानेवारी आला. ग्वालियरची थंडी ज्याने काढली आहे त्याला ठाऊक आहे, धुक्यात समोरचा हातगाडीवाला आधी ऐकू येतो, मग दिसतो. कलेक्टरचा आदेश निघाला, शाळेची वेळ पुढे गेली. कन्येने रजईतून फक्त एक हात बाहेर काढून फ्रिजच्या दिशेने बोट दाखवलं.

गाण्याचाही प्रयत्न झाला. ग्वालियर घराण्याच्या गावात राहायचं, 1918 साली भातखंडे आणि माधवराव महाराजांनी काढलेलं संगीत विद्यालय गावात असताना पोरीला यमनही येऊ नये, हे आजीला पटेना. तानसेनाच्या कबरीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा. आजी तिला तिथे, हजीऱ्याला घेऊन गेली, पाला चारला. गोडीचं अजून कळायचं आहे, पण पल्ला वाढला. आता कोरियन गाणी बारादरी चौराह्यापर्यंत ऐकू जातात.

बारादरीवरून आठवलं. मी रोज तिला ट्यूशनला सोडतो आणि रोज ती म्हणते, "बाबा, मला बारादरीवरच उतरवून द्या ना." ट्यूशन तिथून बरीच पुढे. मला वाटायचं, पोरीला पाय मोकळे करायचे असतील. मग कळलं की मैत्रिणींना मी दिसू नये अशी व्यवस्था आहे. मी, माझी जुनी स्कूटर, आणि विशेषतः माझी कानटोपी. ही मुलगी एके काळी शाळेच्या फाटकाशी माझा पाय सोडत नव्हती. दुःख करायला सवड नव्हती, मागून टेंपोवाला हॉर्न देत होता.

या सगळ्यातून मोरोपंत कसे गेले असतील? त्यांची एक आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. नानासाहेब हत्तीवर बसून निघाले, मनूला, म्हणजे लहानपणीच्या राणीला, घेतलं नाही, तिने हट्ट धरला. मोरोपंत वैतागून म्हणाले, तुझ्या नशिबात कुठला हत्ती! आणि पोरीने उलट सुनावलं की माझ्या नशिबात एक सोडून दहा हत्ती आहेत. खरं-खोटं पेशवे जाणोत. आपण ही गोष्ट मुलीच्या बाजूने ऐकतो, टाळ्या वाजवतो. पण बापाचं वाक्य नीट ऐका. ते अस्सल मध्यमवर्गीय वाक्य आहे. पगार अमुक, भाव तमुक, आणि पोर समोर हत्ती बघतेय. दुसरं काय बोलणार तो माणूस? आणि मला खात्री आहे, त्या रात्री मोरोपंतांनी हत्तीच्या चाऱ्याचा महिन्याचा हिशेब मनात करून पाहिला असणार.

आमचा हत्ती मेळ्यात उभा होता. 1905 पासून भरणारा ग्वालियरचा मेळा मुरारहून हाकेच्या अंतरावर. लोक तिथे पापड, रजया आणि गजक घ्यायला जातात आणि बऱ्याच वर्षी रोड टॅक्समध्ये सूट असते म्हणून गाडी घेऊन येतात. कन्या एका स्कूटीपाशी थांबली. काही बोलली नाही, नुसता आरसा सरळ केला. मी ताबडतोब कायदा सांगितला: सोळा वर्षं पुरी झाल्याशिवाय लायसन नाही, आणि सोळाव्या वर्षीसुद्धा मिळतं ते बिनगिअरच्या, फार तर 50 सीसीच्या गाडीचं. अशी गाडी आता दुकानात शोधूनही सापडणं मुश्कील, हे मला आधीच माहीत होतं. इतका सुरेख कायदा मी नोकरीत दुसरा पाहिलेला नाही. परवानगी आहे, वाहन नाही.

"ओके," कन्या मराठीत म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आठवड्याभरात फ्रिजवर दुसरा कागद लागला. 250 वॅटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर कायद्याने मोटार वाहनच नव्हे. तिला लायसन नको, नोंदणी नको. खाली महिन्याला पेट्रोल किती वाचेल त्याचा तक्ता, आणि मी लाल शाईने करतो तशी खूण. संध्याकाळी सातनंतर बाहेर नाही, सात नंबर चौराह्याच्या पलीकडे नाही, मेन रोड नाही, अशा अटी मी घालू लागलो. आजीने जपमाळ थांबवली. "पुतळ्याला हार घालायला दर वर्षी पुढे असतोस," ती म्हणाली, "आणि पोरीला सातच्या आत घरात?" यावर मी वाहतूक, ट्रक, अंधार असं बरंच काही बोललो. ते सगळं खरंच आहे. रात्री गॅलरीत उभं राहून मी रस्त्यावरचे ट्रक बघत होतो, तर एकाही ट्रकचा वेग मला मान्य करण्यासारखा वाटला नाही.

गाडी आली. पांढरी. ताशी 25, म्हणजे दामटलेला घोडा सहज पुढे जाईल. पहिल्या फेरीला आजी मागे बसणार हे परस्पर ठरलं होतं, जनकगंजातल्या भजनी मंडळापर्यंत. चार्जिंग पुरेल का हा माझा प्रश्न कोणी ऐकला नाही. अडलं ते हेल्मेटपाशी. कन्येने आजीसाठी स्वतः निवडून जांभळं हेल्मेट आणलं, ते अंबाड्यावर बसेना. अंबाडा सोडायला आजी तयार नाही, हेल्मेटशिवाय गाडी काढायला कन्या तयार नाही. दोघी रागाने धुमसत आपापल्या खोलीत गेल्या, दोन्ही कड्या वाजल्या.

तेव्हापासून निरोप माझ्यामार्फत चालतात. आजीचे मराठीत येतात, कन्येचे हिंदीत, आणि मी मध्ये कपबशी घेऊन उभा. आजीला सांगा वेणी घालून बघ, आजीला सांगा भजनाला उशीर होतोय, आजीला विचारा राग गेला का. एवढं सलग ती माझ्याशी सहावीनंतर बोललेली नव्हती. अंबाडा खाली कानांपाशी घातला तर हेल्मेट बसतं, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. अजून कोणाला सांगितलेलं नाही.