तळवड्यात खेकडा पाळणाऱ्यांसाठी पाण्याविषयी सूचना

खेकडा रश्श्यासाठी आणलेला नाही, हे घरात शिरतानाच जाहीर करावे. वाटण मिक्सरमधून निघाल्यावर केलेला खुलासा कोणी मनावर घेत नाही.

घाटातल्या ओढ्यातून खेकडा उचलून आणू नये. 2016 साली उत्तर सह्याद्रीतून एकाच वेळी पाच नव्या जाती जाहीर झाल्या. तुमच्या बादलीत सहावी निघाली, तर बारशाआधीच तिला कोंडल्याचे पाप लागेल. दुकानात ‘गोड्या पाण्यातला’ म्हणून मिळणारा लाल नांग्यांचा खेकडा मुळात खारफुटीतला असतो. त्याला मचूळ पाणी लागते आणि ते सागरी मिठाचेच लागते. डब्यातले आयोडीनयुक्त मीठ आमटीसाठी राखावे. अंग कोरडे करायला दगड किंवा वाळूचा उंचवटाही हवा.

आता पाणी आणायचे कुठून? इंद्रायणी जवळ आहे, म्हणून बादली घेऊन निघू नये. वर देहूत गाथा तरली, खाली आळंदीत फेस तरतो, आणि तळवडे मध्ये आहे. आपला खेकडा कोणत्या बाजूला मोडेल याची परीक्षा घेऊ नये. नळाचेच पाणी वापरावे. त्यातला क्लोरीन उडून जायला ते दिवसभर उघडे ठेवावे लागते. पण 2019 पासून दिवसाआड पाणी भरणाऱ्या शहराला पिंप भरून ठेवायला शिकवण्याची गरज नाही. टँकर आलाच, तर ‘पाणी कुठले?’ असे चालकाला बेधडक विचारावे. स्वतःसाठी हा प्रश्न विचारायला आपण संकोचतो. खेकड्याच्या नावावर खपून जातो. गिझरची कॉइल खाणारे बोअरचे जड पाणी मात्र कवचाला बरे, कारण त्यात कॅल्शियम असते.

तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी आपण प्यावे, खेकड्याला देऊ नये. त्याच्या स्वतःच्या रक्तात तांबे असते, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याच्या जिवावर उठते. माशांच्या काही औषधांतही ते असते.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर हवेत. ते पचवणारे जिवाणू टाकीत स्थिरावायला महिना-दीड महिना जातो. आयटी पार्कवाल्यांनी जिवाणूंना डेडलाइन देऊ नये. ते आठवडाअखेरीलाही त्याच वेगाने काम करतात.

टाकीला घट्ट झाकण बसवावे. मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, हे भाषणांपुरते ठीक आहे. प्रत्यक्षातला खेकडा फिल्टरच्या नळीवरून चढतो आणि सोफ्याखाली सापडतो.

एके सकाळी टाकीच्या तळाशी तो निश्चल, पोकळ पडलेला दिसेल. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर कळवू नये. बहुधा ती कात असते. मऊ अंगाचा मालक दगडाआड लपलेला असतो. कात काढून टाकू नये, कॅल्शियमसाठी तो ती खातो. एव्हाना ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आलीच असेल, तर पाठवणाऱ्यांचे आभार मानून गप्प बसावे.