पहिल्या श्रेणीतला पाक

या देशात विज्ञान मनापासून कोण शिकतं, असं कुणी विचारलं तर बेलाशक सांगावं : मधात पाक मिसळणारा. बाकीचे विज्ञान दिन साजरा करतात. वनस्पतिशास्त्र पोटापाण्याला लावलं ते त्यानेच.

पूर्वी बिचारा उसाचा पाक ओतायचा. शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. ऊस आणि मका यांच्या साखरेत कार्बन-१३ थोडा जास्त असतो, मधमाश्या जिथे जातात त्या बहुतेक फुलझाडांत कमी. गुणोत्तर मोजलं की चोरी उघडी. आमच्या विद्यार्थ्याने लगेच पुस्तक उघडलं. भात याबाबतीत फुलझाडांच्याच गोत्रातला, हे त्याला दिसलं आणि तो तांदळाच्या पाकावर आला. तांदूळ हुडकणारी चाचणी निघाली, तसा तिलाही चकवणारा पाक आला. बाजारात त्याचं नाव ‘ऑल पास’. अभ्यासक्रम बदलला तरी पोरगा नापास होत नाही!

२०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडांच्या मधाचा निकाल लावला. देशी चाचण्या बहुतेकांनी पार केल्या. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाची चाचणी केल्यावर सगळ्या चाचण्यांत उरले तीन. कंपन्यांनी आरोप साफ फेटाळले. पण संस्थेने मुद्दाम निम्मा पाक घालून पाठवलेला नमुनाही देशी परीक्षेत शुद्ध मध म्हणून सुटला होता, त्याचं काय करायचं?

एनएमआर मधातल्या रेणूंचा अख्खा ठसा घेतं. जुळवायला खऱ्या मधांचे ठसे हाताशी असतील, तर माल कुठल्या मुलखातला तेही सांगतं. हे आपल्याकडे फारच गैरसोयीचं. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. कारवीचा मध मात्र कुठल्याही मोसमात मागा, हव्या त्या मापात हजर. खरा मधपाळ पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे हिंडतो आणि भावात मार खातो तो अशा मालाकडून, ज्याला फुलोराच लागत नाही.

सरकार झोपलं होतं असं मात्र म्हणू नये. अमेरिकेला जाणाऱ्या मधाला २०२० च्या ऑगस्टपासून एनएमआर सक्तीचं झालं. घरच्या ग्राहकाला त्यातून सूट. पाहुण्याला शुद्ध वाढावं, घरच्यांनी उरलंसुरलं भागवावं, ही आपली संस्कृतीच आहे.

तेव्हा एक नम्र सूचना. साताऱ्याचा मध आधी न्यूयॉर्कला पाठवावा, तिथून पुण्याला मागवावा. जाताना तपासला जाईल, येताना थोडं शुल्क पडेल. एकच धोका : हे वाचून संपायच्या आत कुणीतरी ‘अमेरिकेहून परत’ अशी लेबलं छापायला टाकलेली असतील, आणि त्यांवरचं स्पेलिंगही अचूक असेल.