गोवा ते गोवा

दोन विमानतळांमधलं अंतर विमानाने कापायचं असतं, असा जगाचा समज आहे. गोव्यात ते टॅक्सीने कापतात.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी बांधलेला, १९५५चा. आज नौदलाच्या तळावर जुन्या भाडेकरूसारखा नांदतो. मोपा पार पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू. सरळ रेषेत मोजलं तर दोघांत साधारण ४० किलोमीटर. पण सरळ जाऊ देईल ते गोवा कसलं! मध्ये झुआरी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या. रस्त्याने साठेक किलोमीटर होतात. मुंबईहून निघालेलं विमान चारशे किलोमीटर तासाभरात संपवतं. पुढच्या या साठांना दीड तास, तोही पर्वरी प्रसन्न असेल तर.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा अनुकूल असला तर मिनिटही लागत नाही. आमच्याकडे दोन मिनिटांत टॅक्सीवाला भाडं सांगतो आणि आपण पुन्हा विचारतो, "किती?"

बांद्याचा माणूस मात्र खुशीत. राहायचं महाराष्ट्रात, मतदान महाराष्ट्रात, आणि गोव्याचा विमानतळ मडगावकरापेक्षा त्याला जवळ!

मुंबईचे आमचे दाजी हिशेबाचे पक्के. मे महिन्यात ताईला घेऊन मडगावला आमच्याकडे यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी येताना मोपा आणि जाताना दाबोळी अशी तिकिटं काढली. का, तर स्वस्त पडली.

"मोपा ते मडगाव किती रे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"किलोमीटरमध्ये सांगू की तासांत?"

"रुपयांत."

मी तो आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ बेरीज-वजाबाकी चालली असावी.

उतरल्यावर त्यांनी टॅक्सीवाल्यालाही विचारलं, "किती वेळ लागेल?" तो शांतपणे म्हणाला, "पर्वरेंत ट्रॅफिक आसा काय ना तें पळोवया. मागीर सांगतां." पर्वरीत ट्रॅफिक होता. त्याने मग शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. दाजींनी मात्र मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला आणि आमच्या दारात पाय ठेवताच जाहीर केला: स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे म्हापशापर्यंतसुद्धा टिकले नव्हते.

"पुढच्या वेळी मुकाट्याने कोकणकन्येने यायचं," ताई म्हणाली. "मडगाव म्हणजे मडगावच. रात्री झोपायचं, सकाळी उतरायचं."

दाजींना पटलेलं दिसलं. त्यांनी लगेच मोबाइलवर गाडीचं वेळापत्रक उघडलं, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"काय रे, थिवीचं तिकीट थोडं स्वस्त दिसतंय. थिवी ते मडगाव किती?"