सेफ्टीला अजून एक

चैत्र यात्रा तोंडावर आली की जोतिबाच्या नव्या गाण्यांना ऊत येतो, आणि त्यातली निम्मी तरी आमच्या या रेकॉर्डिस्टच्या हाताखालून जातात. गुलाल-खोबऱ्याच्या दुकानावरची माडी हा त्याचा स्टुडिओ. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. खिडकी बंद, कारण डोंगरावरचा वारा माइकात शिरतो. पंखाही बंद, कारण तो घरघरतो. रविवार देवाचा वार, त्या ढोल-गर्दीपुढं गोधड्यांचं काय चालणार? म्हणून रविवारी सुट्टी. एरवी रात्री देवळाचं दार लागलं की हा जागा होतो.

गायकाला तो ओळ एकदाच गायला सांगतो. ती संगणकावर गोल फिरत राहते आणि दर फेरीचा टेक आधीच्या टेकखाली जाऊन बसतो. "नाद खुळा! आता फक्त सेफ्टीला अजून एक." माघात लोक कोल्हापुरातून चालत येऊन रविवारचे पाच खेटे घालतात आणि मोकळे होतात. इथं पाचव्या टेकला म्हणे गळा आत्ता कुठं तापलेला असतो.

गायक खोकत घरी गेला की गाण्याला खरी सुरुवात. टेकांच्या उतरंडीतून हा वेचायला बसतो. मुखडा दुसऱ्याचा, अंतरा सातव्याचा, त्याआधीचा श्वास तिसऱ्याचा, आणि 'चांगभलं'मधला अनुस्वार अकराव्याचा. जोड कुठं लपवायचा यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. 'स', 'श' असल्या फुसफुसत्या अक्षरात किंवा श्वासाखाली सांधा मारला की ब्रह्मदेवालाही सापडत नाही. लांब 'आ'कारात मात्र कात्री लावायची नाही, तिथं दोन टेकांचा रंग जुळत नाही आणि सूर अडखळतो. हे तो इतक्या गांभीर्यानं सांगतो, की ऐकणारा घटकाभर श्वास घ्यायला बिचकतो.

सकाळी गायक ऐकतो. "लई ग्वाड गातोय. कोन हाय ह्यो?"

खरी पंचाईत पुढंच होते. श्वास नको तिथले कापून टाकल्यामुळं गाण्यात सबंध कडवं एका दमात येतं. यात्रेच्या स्टेजवर तेच गाताना गायकाचे डोळे पांढरे होतात, आणि खाली हा कपाळाला हात लावून पुटपुटतो, "मूळ गाण्याची वाट लावली राव."

याला जुन्या लोकांचं सांगून उपयोग नाही. मी सांगून पाहिलं. तव्याची रेकॉर्ड जेमतेम साडेतीन मिनिटांची. चुकलं तर नवी मेणाची तबकडी आणि पहिल्यापासून गाणं. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' तशीच साडेतीन मिनिटांची, आणि १९७७ साली ती व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तो म्हणाला, "जाऊ दे की. तिथं ऐकायला कोण बसलंय?" मग केसरबाईंचे गुरू काढले. शाहू महाराजांचे दरबारगायक अल्लादिया खाँ, कोल्हापुरात एवढे गाजले, पण त्यांनी आवाज कधी ध्वनिमुद्रितच होऊ दिला नाही. यावर मात्र तो हळहळला. "माझ्याकडं यायला पायजे हुते. फोडून-जोडून झाक केलं असतं."

घरीही तेच. बायकोनं जेवायला हाक मारली की म्हणतो, "मघाची 'अहो' बरी होती, 'जेवायला'चं आत्ताचं ठेवू." त्या माउलीनं अलीकडं हाक मारणं सोडलंय. ती ताट वाढून वर झाकण घालते.

परवाच्या पौर्णिमेला तो मला देवळाच्या आवारात दिसला. सासनकाठ्या नाचत होत्या, माणूस ओळखू येणार नाही इतका गुलाल. हजारो घशांतून एकदम "जोतिबाच्या नावानं चांगभलं" उठलं, अंगावर काटा आला. हा हातातला रेकॉर्डर कानाशी धरून उभा. कपाळावर आठी.

"काय झालं?"

"मागल्या रांगंतलं आजोबा जरा उतरल्यात," तो म्हणाला. "त्येवढ्यांनाच बाजूला घेता येईल काय?"